कुंपणाजवळची दाबलेली माती

सोपान ढोकणेने एकतीस वर्षं जमीन दाबली, आणि बायको गेल्यावर जमीन दाबू न देण्याची नोकरी धरली.

तो रोलर ड्रायव्हर होता. पुण्याहून सोलापूरकडे जाताना जे जुने रस्ते लागतात, त्यातले निम्मे त्याच्या दहा टनी रोलरखालून गेलेले. पुढे रोलर आपले आपण चालायला लागले, ड्रायव्हरची गरज उरली नाही, आणि सोपानला हार घालून घरी पाठवलं. त्याच वर्षी द्वारका गेली. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि सात महिन्यांत सगळं आटोपलं. मूलबाळ नव्हतं. घरात दोन कप होते. एक रोज वापरात, दुसरा पालथा.

इस्माईल मुलाणी त्याचा जुना सोबती. रस्त्याच्या कामावर दोघे बरोबर होते, पुढे इस्माईल पोकलेन चालवायला लागला. एक दिवस तो घरी आला, पालथ्या कपाकडे बघितलं आणि म्हणाला, "भवरवाडीच्या साइटवर मातीराख्या पाहिजे. चल."

"कुठली साइट?"

"तीच. नर्सरीची जागा."

द्वारका बावीस वर्षं त्या नर्सरीत रोपांना पाणी घालत होती. दुसऱ्या दिवशी सोपान डबा घेऊन निघाला.

बांधकामाच्या जागेवर जिथे पुढे बाग व्हायची, त्या मातीवर चाक चढवायचं नाही, असा कायदा येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी लोक काय करायचे, तर दोन वर्षं डंपर, क्रेन, सिमेंटच्या गाड्या सगळ्या आवारभर फिरवायचे आणि शेवटी वर चार बोटं लाल माती पसरून झाडं लावायचे. झाडं गुडघ्याएवढी व्हायची आणि तिथेच थांबायची. पाऊस जमिनीत मुरायचा नाही, तो पार्किंगमध्ये शिरायचा. इमारती चकचकीत आणि झाडं काटक्या, अशा वसाहतीच्या वसाहती झाल्या. मग कुठे लोकांच्या लक्षात आलं की दोष झाडांचा नव्हता.

भवरवाडीला नऊ इमारती उठत होत्या आणि मधोमध दीड एकर बागेसाठी राखलेलं होतं. त्याला दोरीचं कुंपण. आत जायचं तर फळ्यांवरून. सोपानने दोऱ्या तपासायच्या, फळ्या हलवायच्या, गाड्या अडवायच्या.

पहिल्याच दिवशी इस्माईलने सगळ्यांसमोर टोमणा मारला. "काय रे सोपान, आयुष्यभर जमीन दाबलीस. आता माफी मागायला आलास का तिची?"

"तुझी पोकलेन दोरीच्या आत आली तर तुला मागायला लावीन," सोपान म्हणाला.

साइटवरची मातीची इंजिनियर होती शलाका पेंढारकर. सत्तावीस वर्षांची, उन्हाने रापलेली, बुटांऐवजी पातळ कापडी चपला घालणारी. तिने त्याला खुंट्या दाखवल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, हातभर लांब, दीड एकरात तीन हजार. त्यांना सगळे कानखुंट्या म्हणायचे.

"काका, माती म्हणजे अर्धी माती आणि अर्धी रिकामी जागा," ती म्हणाली. "त्या जागेत हवा असते, पाणी असतं. मुळं तिथूनच वाट काढतात. वरून ओझं आलं की पहिल्यांदा ती जागा जाते. आणि सगळ्यात जास्त नुकसान पहिलंच चाक करतं. दहावं चाक फक्त त्याच्या मागे जातं."

"हे मला माहीत आहे," सोपान म्हणाला. "पहिल्या फेरीतच रोलर खाली बसतो. पुढच्या फेऱ्या नुसत्या हिशेबाला."

ती हसली. "मग तुम्ही माझ्यापेक्षा जुने शास्त्रज्ञ."

कानखुंट्यांचं काम सोपं होतं. एक खुंटी मातीला टिचकी मारायची, शेजारच्या ऐकायच्या. भुसभुशीत मातीतून आवाज रेंगाळत जातो, दाबलेल्या मातीतून पळत जातो. तीन हजार खुंट्यांच्या टिचक्या जुळवल्या की टॅबलेटवर जमिनीच्या पोटातलं चित्र उमटायचं. मोकळी माती निळी, दाबलेली तांबडी.

हेडफोन लावले की ते ऐकूही यायचं. सोपान सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि ते कानाला लावून फळीवर बसायचा. दूरच्या खोलीत कोणीतरी तांदूळ निवडत बसलंय, असा आवाज यायचा. तो गांडुळांचा, असं शलाका सांगायची. मधूनच घोट गिळल्यासारखा आवाज येई, ते पाणी खाली उतरत असे. ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटायचे. एकतीस वर्षं तो जमिनीवर बसला होता, पण खाली कोणी जागं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एक काम मात्र खुंट्यांवर सोडलेलं नव्हतं. ते म्हणजे वाफसा. माती ओली असताना तिच्यावर पाऊल टाकलं तरी ती मिटते, आणि कोरडी झाली की दगड होते. त्या दोन्हींच्या मधले जे थोडे दिवस असतात, तेव्हाच तिला हात लावायचा. काळी माती मोठी फसवी. वरून सुकलेली दिसते आणि वीतभर खाली लोण्यासारखी असते. दुसऱ्या एका साइटवर नुसत्या खुंट्यांच्या आकड्यावर विसंबून काम काढलं आणि सबंध बाग चिखलात मळली गेली. तेव्हापासून नियम झाला, खुंट्यांचा आकडाही पाहिजे आणि माणसाच्या हाताची सहीही पाहिजे. दोन्ही असल्याशिवाय यंत्र आत येणार नाही.

ती सही सोपानची होती. त्याची पद्धत द्वारकेची. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. लाडू तसाच राहिला तर माती ओली. वळलाच नाही तर वाफसा गेला. वळला आणि पडल्यावर फुटला, तर वाफसा आहे. दोनदा खुंट्या हो म्हणाल्या आणि सोपान नाही म्हणाला. दोन्ही वेळा खणून बघितल्यावर तो बरोबर निघाला. तेव्हापासून शलाका आकडा बघायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायची.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक अवकाळी सर येऊन गेली. त्याच सुमाराला खुंट्यांना नवा प्रोग्राम आला. शलाका टॅबलेट घेऊन धावतच आली.

"काका, हे बघा! आता जुनं ओझंसुद्धा दिसतं!"

"जुनं म्हणजे?"

"माती विसरत नाही. तिच्यावर आजवर जे सगळ्यात जड ओझं आलं, ते ती धरून ठेवते. त्याहून हलकं काही आलं तर ती हलत नाही, जड आलं तरच आणखी दबते. हे फार पूर्वीपासून माहीत आहे. फक्त त्यासाठी मातीचा तुकडा कापून प्रयोगशाळेत न्यावा लागायचा. आता खुंट्या हलक्या टिचक्या, जोरात टिचक्या मारून ते जागेवरच वाचतात. इथे नर्सरी होती, कधी ट्रॅक्टरसुद्धा चालला नाही. म्हणून नुसतं चालणंही शिल्लक राहिलंय."

पडद्यावर निळ्या जमिनीत एक बारीक तांबडी रेघ होती. बुजवलेल्या विहिरीपासून निघून ती रोपांच्या जागेला वळसा घालत जांभळाच्या झाडाखालून रस्त्याकडच्या कुंपणापर्यंत गेली होती.

"एकच माणूस," शलाका म्हणाली. "वजन पन्नासच्या आसपास. डावं पाऊल सारखं जास्त दाबलेलं. डाव्या हातात काहीतरी जड असायचं."

सोपान रेघेकडे बघत राहिला. द्वारकेचा उजवा खांदा लहानपणी निखळलेला. पाण्याची झारी ती कायम डाव्या हातात धरायची.

"आणि हे नवल बघा. रेघ कुंपणाशी संपते, आणि तिथे दोन पावलांची जागा सगळ्यात जास्त दाबलेली आहे. तिथे ना वाफा, ना नळ. कोणीतरी रोज तिथे नुसतं उभं राहत होतं. वर्षानुवर्षं."

"असेल कोणीतरी," सोपान म्हणाला.

दुपारी डबा खाताना त्याने इस्माईलला विचारलं, "नर्सरीच्या कुंपणाशी, जांभळापाशी, द्वारका उभी राहायची का कधी?"

इस्माईलने भाकरी मोडता मोडता त्याच्याकडे पाहिलं. "रोज उभी असायची. तुला माहीत नाही?"

"नाही."

"संध्याकाळी आपण रोलर यार्डात लावायला या रस्त्याने यायचो ना? पुलाच्या चढावर तुझा रोलर दिसला की भाभी वळायची आणि आत जायची. मी मागच्या टेंपोत, मला दिसायचं. तुझं लक्ष चाकाखाली."

"कधी बोलला नाहीस!"

"मला काय माहीत तुझी बायको तुला दिसत नाही म्हणून!"

नर्सरीच्या मागेच त्यांची खोली होती. सोपान यार्डात रोलर लावून चालत घरी पोचायचा, तेव्हा चहा नुकता उतरवलेला असायचा. कधी लवकर आला, कधी दोन तास उशीर झाला, तरी चहा तेव्हाच उतरवलेला. त्याने कितीदा तरी विचारलं होतं, "तुला कळतं कसं?" ती म्हणायची, "कळतं मला." त्याला वाटायचं, बायकांना कळत असेल.

त्याने उरलेली भाकरी डब्यात ठेवून दिली.

जांभळाचं ते झाड नर्सरीच्या काळातलं होतं. पूर्ण बागेत तेवढंच जुनं, आणि नकाशात बाग त्याच्याभोवतीच आखलेली. पण त्याची रस्त्याकडची बाजू सुकत चालली होती. पानं कडेने करपून गळत होती. शलाकाने खुंट्या लावून बघितलं. त्या बाजूची सगळी जाड मुळं त्या रेघेच्याच तांबड्या पट्ट्याखाली होती. तिथे हवाही जात नव्हती आणि पाणीही.

"नर्सरी चालू होती तोवर रोजच्या पाण्यावर झाडाने भागवलं," ती सोपानला म्हणाली. "आता वरचं पाणी बंद झालं, आणि मुळांना खाली जायला वाट नाही. वायुसुई घालून, आत हवा सोडून हा पट्टा मोकळा करायचा. विहिरीपासून कुंपणापर्यंत. नाहीतर उन्हाळा काढणार नाही हे झाड."

"आणि ती रेघ?"

"जाईल ना. जायलाच पाहिजे."

"कधी करायचं?"

"वाफसा आला की लगेच. तुम्ही सांगाल त्या दिवशी. ओलं असताना घातली तर चिखल होईल, सुकल्यावर घातली तर ढेकळांबरोबर मुळं तुटतील. आठ-नऊ दिवस मिळतील फार तर."

तिसऱ्या दिवशी सकाळी सोपानने माती घेतली. लाडू वळला, कमरेवरून सोडला. लाडू फळीवर फुटला, चार तुकडे झाले. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तुकडे पायाने बाजूला सारले.

"वाफसा नाही," त्याने सही केली.

खुंट्यांचा आकडा हो म्हणत होता. शलाकाने आकडा बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुम्ही म्हणता तर नाही."

चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. रोज सकाळी तो रेघेच्या कडेने फळीवर चालायचा आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत जाऊन परत यायचा. धुक्यात नऊ इमारती दिसायच्या नाहीत. मग त्याला वाटायचं, नर्सरी अजून आहे. पुढे एक डाव्या बाजूला कललेली बाई चालली आहे, झारीतलं पाणी तिच्या पावलांवर हिंदकळतंय. तो वेग वाढवायचा नाही. वेग वाढवला की फळी वाजायची आणि धुकं नुसतं धुकं व्हायचं.

आठव्या दिवशी तो जांभळाखाली बसला असताना शलाका पलीकडे फोनवर बोलत होती. आवाज चढलेला होता.

"नाही सर, आकडा काहीही असू दे. ढोकणेकाका नाही म्हणतात... दोनदा आपण खणून बघितलंय, सर. खुंट्या चुकल्या होत्या, ते नाही... हो, झाड गेलं तर जबाबदारी माझी. लिहून देते."

सोपानने हेडफोन कानाला लावले. आधी विहिरीकडच्या बाजूचं ऐकलं. तांदूळ निवडणं चालू होतं, घोट उतरत होते. मग रस्त्याकडच्या बाजूचं लावलं. तिथे काहीच नव्हतं. त्याने आवाज वाढवला. टिचकी यायची आणि पळून जायची, टिचकी यायची आणि पळून जायची. बाकी सगळं मुकं. बावीस वर्षं ती जिथे त्याची वाट बघत उभी राहिली, त्या जागी काही जिवंत नव्हतं.

एक पान त्याच्या मांडीवर पडलं. कडेने तपकिरी, मधे अजून हिरवं. हे झाड द्वारकेने वाढवलेलं. पिशवीतलं रोप मोडलं म्हणून मालकाने टाकून दिलं होतं, ते तिने कुंपणाजवळ खोचलं. घरी येऊन म्हणाली होती, "फुकटचं झाड लावलंय. सावली फुकटची मिळेल." सोपानला हे आत्तापर्यंत आठवलं नव्हतं. सावलीत उभं राहून वाट बघायची, म्हणून लावलं होतं तर.

तो उठला. वीतभर खालून माती काढली आणि लाडू वळून शलाकाकडे गेला.

"मॅडम, बघा."

त्याने लाडू कमरेवरून सोडला. तो फुटला. या वेळी तुकडे बारीक होते आणि कडा भुरभुरीत.

"आला वाफसा!" शलाका म्हणाली. "काका, वाचलो आपण."

"आज नाही आला. पाच दिवसांपूर्वी आला. आता निघालाय."

तिने फुटलेल्या लाडवाकडे बघितलं. "पाच दिवस तुम्ही..."

"खोटी सही केली."

"का?"

सोपानने तिच्या हातातला टॅबलेट घेतला आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझी बायको आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. खांदा, झारी, रोलर, चहा. फार बोलायची सवय नव्हती, म्हणून लवकर सांगून झालं. शलाका खाली मातीकडे बघत होती.

"मला विचारायचं तरी होतं, काका."

"विचारलं असतं तर तुम्ही थांबला असता. मग झाड गेल्याचं तुमच्यावर आलं असतं."

"नाहीतरी माझ्यावरच आलं असतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही होतं. "यापुढे तुमची एक सही पुरणार नाही. मी स्वतः लाडू वळणार, तुमच्याशेजारी उभी राहून."

"बरोबर आहे."

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"आज, आणि उद्या दुपारपर्यंत. परवा दगड होईल." तो थोडा थांबला. "मॅडम, सुई मी चालवू का?"

वायुसुई म्हणजे पुरुषभर उंचीची नळी. फळीवर उभं राहून ती हातभर खोल घालायची आणि दांडा दाबला की खाली हवेचा एक झटका सुटायचा. झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तशी जमीन दोन बोटं वर यायची आणि आत बारीक भेगा पडायच्या. त्याच नळीतून कोळशाचा चुरा आणि कंपोस्ट आत जायचं, भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून. सोपानने विहिरीपासून सुरुवात केली. इस्माईल पोकलेन बंद करून फळ्या पुढे सरकवायला आला. जमीन वर यायची, थोडी खाली बसायची, पण पूर्ण बसायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते कुंपणाशी आले. दोन पावलांची जागा राहिली होती. वरून बघितलं तर बाकीच्या जमिनीसारखीच, थोडं गवत उगवलेलं. सोपानने सुई टेकवली. दांड्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

इस्माईलने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. रस्त्याकडे, पुलाच्या चढाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सोपान, भाभीला सांग, रोलर आला म्हणावं."

सोपानने मान हलवली. खाली बघत तो म्हणाला, "आलो गं. जा आत."

आणि दांडा दाबला.

जमीन वर आली. शलाकाने बादलीभर पाणी आणून तिथे ओतलं. झाड तपासताना तिने त्याच जागी ओतलेलं पाणी दिवसभर साचून राहिलं होतं. हे पाणी एकदा गोल फिरलं आणि दिसेनासं झालं. सोपानने हेडफोन कानाला लावले. बराच वेळ काही नव्हतं. मग खूप खालून एक घोट ऐकू आला.

जांभळाची करपलेली पानं सगळी गळली. माघात फांद्या मोकळ्याच होत्या, आणि इस्माईल रोज म्हणायचा, "गेलं बघ तुझं झाड." फाल्गुनात रस्त्याकडच्या बाजूला तांबूस पालवी फुटली, तेव्हा तोच सगळ्या साइटला हाका मारत सुटला.

चैत्रात शलाका नेहमीसारखी टॅबलेट घेऊन फळीवर बसली होती. शेजारी सोपान दोरीच्या गाठी आवळत होता. विहिरीपासून कुंपणापर्यंत पडदा निळा झाला होता.

"काका, कडेच्या खुंटीला काहीतरी ऐकू येतंय," ती म्हणाली. "कुंपणाच्या बाहेर. खड्डे बुजवले ना तिथे, त्या नव्या मातीत. दोन पावलं आहेत. तोंड आतल्या बाजूला, झाडाकडे. रोज संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटं."

सोपानने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"असेल कोणीतरी."

शलाकाने त्या ठिपक्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग टॅबलेट मिटला.

"बाहेर चालतं," ती म्हणाली. "बाहेरची माती दाबायला परवानगी आहे."